बाळाच्या नाळेचे पैसे भरण्याआधी

बेळगावात एखाद्या मॅटर्निटी हॉस्पिटलबाहेर बसलं की हातात गुळगुळीत कागदाचं पत्रक पडतं. बाळाच्या नाळेतल्या स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, साठवा, हप्त्यांची सोय आहे. पहिलटकरणीच्या आईची घालमेल बघून मला संताप येतो. थॅलेसेमियासारखा रक्ताचा आजार जनुकातूनच आलेला असला तर बाळाच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष असतो, त्या त्यालाच परत देऊन काय होणार? आयसीएमआर ही देशाची सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदसुद्धा अशा खासगी साठवणीची शिफारस करत नाही.

अशा मुलाला दुसऱ्याच्या पेशी लागतात आणि त्यासाठी एचएलए, म्हणजे पेशी आपली की परकी हे शरीराला सांगणाऱ्या खुणा, जुळाव्या लागतात. सहाव्या गुणसूत्रावर या खुणांची जनुकं असतात, त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात नाही जुळलं तर अनोळखी दाता शोधायचा, आणि तो मिळायची आशा आपल्याच मुलखातल्या लोकांत जास्त.

जपानने हे ओळखलं. नोबेल विजेते शिन्या यामानाका यांच्या क्योटोच्या संस्थेने दोन्ही संच सारखेच असलेले दाते शोधून त्यांच्या रक्तापासून आयपीएस पेशींचा, म्हणजे साध्या पेशींपासून बनवलेल्या आणि शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या पेशींचा, साठा केला. अशा पेशी घेणाऱ्याचा एक संच जुळला तरी बरंचसं भागतं. नेहमी आढळणाऱ्या अवघ्या 4 संचांत सुमारे 40 टक्के जपानी बसतात. ब्रिटनमध्ये असे 150 निवडक दाते 93 टक्के लोकांना पुरतील, असा अंदाज 2012 मध्ये मांडला गेला.

आपल्याकडे गणित वेगळं आहे. देशात साडेचार हजारांवर समाज, आणि शतकानुशतकं सोयरिकी ज्याच्या त्याच्या समाजात. मुंबई-बेंगळुरूतले नमुने घेऊन खानापूरचं पोर वाचेलच असं नाही. त्यात आमच्याकडे मामाची मुलगी करायची रीत. डॉक्टर त्यावरून रागावतात ते बरोबरच आहे, नात्यात लग्न झालं की असे आजार वाढतात. पण दोन्ही संच सारखे असलेली माणसं अशाच घरांत जास्त सापडतील, हे कुणी बोलत नाही. जपानला जे दाते हजारोंत हुडकावे लागले, ते आपल्याकडे त्या मानाने लवकर मिळतील.

मी सीमालढ्यातल्या घरातला. सीमाप्रश्नावर माझं मत ठाम आहे आणि ते बदलणार नाही. पण खानापूरची लेक चंदगडला जाते, निपाणीची कागलला, गडहिंग्लजची सून होऊन हुक्केरीला येते. मराठा, लिंगायत, जैन, धनगर, सगळ्यांची पाळंमुळं दोन्हीकडे आहेत. म्हणून बेळगाव आणि कोल्हापूर मिळून अशा पेशींची एकच सरकारी बँक व्हावी, खर्च दोन्ही राज्यांनी उचलावा.

तोवर स्टेम सेल देणाऱ्या दात्यांच्या नोंदणीत तरी नावं घाला. गणपतीत आमच्या मंडपात रक्तदानाला पोरांची रांग लागली होती, शेजारच्या नोंदणीच्या टेबलावर मात्र कुणी फिरकेना. एक मावशी मुलाचा हात धरून म्हणाल्या, "मणक्यातनं काढतात म्हणे, पोरगं लुळं पडलं तर?" मावशी, मणक्याला कुणी हात लावत नाही. नोंदणीला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, झालं. पुढे कुणाशी जुळलंच तर बहुतेक वेळा काही दिवस इंजेक्शनं घेऊन हाताच्या शिरेतूनच पेशी घेतात, यंत्राला जोडून काही तास. क्वचित कमरेच्या हाडातून काढतात, तेही भूल देऊन.

मंडळांनी यंदा हे टेबल रक्तदानाच्या रांगेतच लावावं. आणि पोरांनो, नाव घालण्याआधी घरी बोलून घ्या. पुढे खरंच जुळलं म्हणून फोन आला आणि तुम्ही नाही म्हणालात, तर तिकडे वाट बघणाऱ्या पेशंटला पुन्हा पहिल्यापासून दाता शोधावा लागतो, आणि तेवढा वेळ त्याच्याकडे असेलच असं नाही.