मावशीच्या पिलरला नावं ठेवू नका

काल मोरोक्कोचे फोटो टाकले. आज सकाळी एका ओळखीच्या गृहस्थांची कमेंट: "छान! पण सिमेंटच्या घरांनी मजा घालवली. आम्ही गेलो तेव्हा बर्बर गावं एकदम ऑथेंटिक होती. आता लूक गेला." (बर्बर म्हणजे तिथले मूळ रहिवासी.) खाली अकरा लाइक. त्यातले चार माझ्याच मित्रमैत्रिणींचे. म्हणून हे सगळं लिहायला बसलेय, स्वयंपाक तसाच पडलाय.

मराकेशहून बहुतेक टूरवाले तिश्काच्या घाटाने आयत बेन हद्दूला जातात. किल्ला बघतात, उंटावर बसतात, परत. आम्ही दुसरा रस्ता धरला. असनी, विरगान, इजूकाक करत नफीस नदीच्या कडेकडेने वर, तिनमेलवरून तिझी न'तेस्तची खिंड आणि पलीकडे तारूदांत. खिंड २,१०० मीटरच्या आसपास. काही वळणांवर रस्ता जेमतेम एका गाडीचा, कठडा नाही, खाली दरी. अक्रोड, बदाम, ऑलिव्ह. अर्धा अर्धा तास समोरून गाडी नाही, आलंच तर एखादं खेचर.

आणि हाच पट्टा ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री हादरला. अकरा वाजून गेले होते, लोक झोपलेले. भूकंप ६.८ तीव्रतेचा. २,९०० हून जास्त माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त याच अल हौज प्रांतातली. घरं दगडमातीची, वर लाकडी वासे आणि त्यावर मातीचा जाड थर. तीच तुमची ऑथेंटिक घरं, काका.

इजूकाकच्या पुढे एका वस्तीत (नाव सांगणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका) ड्रायव्हरच्या ओळखीच्या एका मावशीकडे थांबलो. ड्रायव्हर त्याच भागातला, तशेलहित ही तिथली बर्बर भाषा बोलणारा, तोच दुभाष्या. मला वाटलं, चहा पिऊन निघू. मावशी आधी त्यांच्या नव्या घराच्या बांधकामावर घेऊन गेल्या. दोन खोल्या, स्लॅब टाकून झालेला, वर सळया तशाच बाहेर आलेल्या, पुढेमागे मजला चढवायला. प्लास्टर नाही. मावशींनी म्हशीच्या पाठीवर मारावी तशी पिलरवर थाप मारली आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. बघ! मग दुसरा पिलर. मग तिसरा. एकही सोडला नाही. चहा तिथेच झाला, रिकाम्या सिमेंटच्या गोणीवर छोटे काचेचे ग्लास मांडून. पुदिन्याचा, दात दुखतील इतका गोड. सोबत गरम भाकरीसारखा पाव आणि वाटीभर ऑलिव्हचं तेल. जुन्या घराच्या उरलेल्या दोन भिंतींवर पत्रा टाकून आत शेळ्या बांधल्या होत्या.

त्या पिलरने कुणाची तरी मजा गेली म्हणे.

माझं आजोळ उमरग्याकडचं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी. सरकारी आकड्यानेच जवळजवळ आठ हजार माणसं गेली. आमच्याकडेही तेच होतं, दगडमातीच्या भिंती आणि वर मणामणाचं माळवद. आजीचं घर पडलं नाही, फक्त तडे गेले. पण ती पुढे जाईपर्यंत माळवदाखाली झोपली नाही. पाऊस असो, थंडी असो, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिला कुणी येऊन सांगितलं असतं की "आजी, वाडा फार फोटोजेनिक आहे, तसाच ठेवा," तर तिने हातातलं लाटणं फेकून मारलं असतं.

हो, आता आर्किटेक्ट मंडळी येतील कमेंटमध्ये. मान्य आहे. नीट बांधलेलं, मध्ये लाकडाचे आडवे पट्टे घातलेलं मातीचं घर भूकंपात तग धरतं. वाईट बांधलेलं सिमेंटही जीव घेतंच. सिमेंटची खोली उन्हात भट्टी होते, थंडीत बर्फ, हे तर मावशीच सांगत होत्या. किल्लारीत नवी गावं पट्टीने आखल्यासारखी बांधली आणि लोकांना ती वर्षानुवर्षं आपली वाटली नाहीत, हेही खरं. पण हे मावशींशी त्यांच्या जिवाच्या काळजीने बोलणं वेगळं आणि आपल्या कव्हर फोटोसाठी त्यांनी मातीत राहावं म्हणणं वेगळं.

पैशाचंही ऐका. पूर्ण पडलेल्या घराला सरकारकडून १ लाख ४० हजार दिरहम, अर्धवट पडलेल्याला ८० हजार, तेही हप्त्याहप्त्याने. जिथे गाडी पोचत नाही तिथे सिमेंट खेचरावरून चढवायचं. मावशींचा मुलगा अगादीरला बांधकामावर असतो, तो पैसे पाठवतो तेव्हा पुढचं काम. खिडक्या अजून बसायच्या होत्या, प्लास्टिक ताणून बांधलं होतं. जाताना मी पैसे देऊ केले तर त्या रागावल्याच. ड्रायव्हर म्हणाला, बदाम विकत घ्या, ते चालेल. दोन किलो घेतले. भाव त्यांनी चांगला लावला आणि मला फार बरं वाटलं.

असो. राग जरा उतरला. कमेंट करणारे काका माणूस वाईट नाहीत, सोसायटीत कुणाला रक्त लागलं तर पहिले धावतात. पण काका, मावशींसमोर उभं राहून तुम्ही हे बोलला असतात का? नसतात. मग इथे कशाला?

आता ज्यांनी रस्त्याबद्दल विचारलंय त्यांच्यासाठी: जाच. मार्च-एप्रिल उत्तम, थंडीत खिंडीत बर्फ पडून रस्ता बंद होऊ शकतो. रोख दिरहम जवळ ठेवा, पेट्रोल खालीच भरून घ्या. तिनमेलची बाराव्या शतकातली मशीद भूकंपात बरीच पडली, तरी वाटेत थांबाच. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, नाही म्हणाल्या तर हसून कॅमेरा आत. ड्रायव्हर स्थानिकच घ्या. घाटात समोरून ट्रक आला की मागे कुणी घ्यायचं, दरीच्या बाजूच्याने की डोंगराच्या, यावर आमच्या ड्रायव्हरचं आणि नवऱ्याचं तारूदांत येईपर्यंत एकमत झालं नाही. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी भांडण व्यवस्थित चाललं होतं.