रेसलिंगची वाहिनी बुडणारच? नागपुरात फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

1 एप्रिल 2025 पासून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कंपनीचं रेसलिंग भारतात नेटफ्लिक्सवर गेलं. सोनीबरोबरचा करार आदल्या दिवशी संपला होता. तेव्हापासून नागपुरातल्या रेसलिंगवेड्या ग्रुपांत एकच विषय चालू आहे: फक्त रेसलिंग दाखवणारी मराठी वाहिनी आपल्याकडे का असू नये? त्यावर उतारा म्हणून एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अशी वाहिनी बुडणारच. कारण रेसलिंग सगळं खोटं असतं, ते फक्त लहान पोट्टे बघतात, मोबाईलवर फुकट मिळतं, जगात ज्यांनी ज्यांनी हा उद्योग केला ते बुडाले, वाहिनीला शंभर कोटी लागतात, त्याने मातीतली कुस्ती मरेल, आणि एवढं करून हे काम मुंबई-पुण्याचं, नागपूरला झेपायचं नाही. मला हा मेसेज इतक्या जणांकडून आला, की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

"सगळं ठरवून असतं, मग बघायचं काय?"

निकाल ठरलेला असतो, हे खरं. पण हा भंडाफोड करायला मेसेज लिहिणाऱ्याला फार उशीर झाला. 1989 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे डब्ल्यूडब्ल्यूएफनेच (डब्ल्यूडब्ल्यूईचं तेव्हाचं नाव) सांगून टाकलं होतं, की आम्ही करतो ते मनोरंजन आहे, स्पर्धा नाही. खेळ म्हटलं की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख मागे लागायची, ती त्यांना टाळायची होती. त्यानंतर धंदा बसला का? 1993 मध्ये त्यांचा 'रॉ' हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला आणि 2024 मध्ये त्याच कार्यक्रमासाठी नेटफ्लिक्सने दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. निकाल ठरलेला असतो हे ठाऊक असूनही लोक बघतात, कारण लढत कशी रंगते, कोण कसा उठतो, गर्दी कोणाच्या बाजूने फिरते, हे त्यांना बघायचं असतं.

आणि 'खोटं' हा शब्द मला खरोखर टोचतो. रिंगचा तळ म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, पातळ फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पाठीवर कसं पडायचं, हनुवटी छातीला कशी लावायची, मार पाठीभर कसा पसरवायचा, हे शिकण्यात पहिले कित्येक महिने जातात. ऑक्टोबर 1999 मध्ये डॅरेन ड्रॉझडॉव्ह एका चुकलेल्या डावात मानेवर पडला. त्याला पुन्हा चालता आलं नाही. जून 2009 मध्ये जपानचा मित्सुहारू मिसावा हिरोशिमातल्या लढतीत एका सुप्लेक्सनंतर (उचलून मागे आपटण्याचा डाव) उठलाच नाही. त्याने आयुष्यभर असे हजारो मार झेलले होते. कोण जिंकणार ते दोन्ही रात्री आधी ठरलेलं असेल. पडणं ठरवून हलकं होत नाही.

"हे फक्त लहान पोट्टे बघतात."

टेन स्पोर्ट्सवर 2002 च्या सुमारास अंडरटेकर बघून ट्रम्प कार्डं जमवणारी पोरं आज पस्तिशी-चाळिशीत आहेत. कोणी बुटीबोरीला कारखान्यात शिफ्ट करतं, कोणी मिहानमध्ये नोकरीला आहे. ग्रुपांत भांडतात ती हीच माणसं. त्यांच्या घरात आता त्यांचीही पोरं आहेत, आणि बाप-लेक शेजारी बसून बघतील असे कार्यक्रम टीव्हीवर फार उरलेले नाहीत. या मुद्द्यावर याहून जास्त शाई घालवायची गरज नाही.

"मोबाईलवर फुकट मिळतं."

फुकट मिळतात ते तुकडे. पूर्ण कार्यक्रमाला नेटफ्लिक्स घ्यावं लागतं. नुसत्या मोबाईलचा प्लॅन महिन्याला 149 रुपयांचा आहे, आणि तो टीव्हीवर चालत नाही. ज्या घरात केबल आहे आणि पोरांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही असं ठरलेलं आहे, तिथून रेसलिंग गेलं ते गेलंच. शिवाय डब्ल्यूडब्ल्यूईचं मराठी समालोचन मी आजवर ऐकलेलं नाही. हिंदीत ऐकलं, इंग्रजीत ऐकलं. "घे बापा, आता याचं काही खरं नाही" असं म्हणणारा समालोचक मिळाला, तर वर्धा-भंडाऱ्याचा माणूस जागचा हलणार नाही.

"ज्यांनी वाहिनी काढली ते सगळे बुडाले."

मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि तो अर्धवट माहितीवर उभा आहे. दोन उदाहरणं दिली आहेत: इंग्लंडची 'द रेसलिंग चॅनल' आणि आपल्याकडचं 'रिंग का किंग'.

इंग्लंडमधली वाहिनी मार्च 2004 मध्ये सुरू झाली आणि 2008 च्या डिसेंबरमध्ये बंद पडली. पुढेपुढे तिने नाव बदलून इतर लढतींचे खेळही दाखवायला घेतले होते. बंद पडली, हे खरं. पण ती दाखवत काय होती? अमेरिकेतल्या छोट्या कंपन्या, जपान, मेक्सिको, आणि जुन्या ब्रिटिश लढती. बहुतेक सगळा माल दुसऱ्याचा. असा माल दाखवून तुम्ही प्रेक्षक तयार करता, आणि प्रेक्षक तयार झाला की मालाचा धनी जास्त पैसे देणाऱ्या मोठ्या वाहिनीकडे जातो. टीएनए या कंपनीच्या कार्यक्रमाचं तिथे तेच झालं.

'रिंग का किंग' तर वाहिनी नव्हतीच. 2012 च्या जानेवारीत कलर्सवर आलेला तो एक कार्यक्रम होता, त्याच टीएनएने केलेला, आणि चित्रीकरण झालं आपल्या पुण्यात, बालेवाडीला. 26 भाग झाले, संपले. पहिला विजेता अमेरिकेचा मॅट मॉर्गन. सगळ्या लढती एका दमात चित्रित झाल्या, परदेशी पैलवान परत गेले, आणि टीव्हीवर ज्याच्या नावाने ओरडलो त्याला आपल्या गावात बघायची सोय उरली नाही. तरीही त्यातून महाबली वीरा या नावाने खेळलेला अमनप्रीत सिंग पुढे अमेरिकेत टीएनएच्या रिंगमध्ये पोचला. एका हंगामातून एवढं निघालं, याचा हिशेब मेसेजमध्ये नाही.

आणि मेसेजने वगळलेलं उदाहरण जपानचं. 'फायटिंग टीव्ही सामुराई' ही वाहिनी 1996 मध्ये सुरू झाली आणि वीस वर्षांहून जास्त टिकली. ती वर्गणीवर चालते, आणि त्या देशात रेसलिंगच्या लहान-मोठ्या अनेक कंपन्या गावोगावी तिकीट लावून खेळ करतात. खेळ आधीच चालू असतो. वाहिनी तिथे कॅमेरा घेऊन जाते. डब्ल्यूडब्ल्यूईनेही फेब्रुवारी 2014 मध्ये महिना 9.99 डॉलरचं स्वतःचं नेटवर्क काढलं आणि वर्षाच्या आत दहा लाख वर्गणीदार गाठले. दाखवायला स्वतःच्या लढती आणि स्वतःचा जुना साठा होता म्हणून ते जमलं.

माझं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. उसन्या टेपांवर उभी राहिलेली वाहिनी पडते. स्वतःचे पैलवान, स्वतःच्या लढती आणि तिकीट काढून येणारी गर्दी असेल तर लहान वाहिनीही तगते.

"शंभर कोटी लागतात."

हा आकडा कुठून आला ते मेसेज सांगत नाही. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे बातम्या नसलेल्या पहिल्या वाहिनीसाठी कंपनीची नक्त मालमत्ता 5 कोटी असावी लागते; 20 कोटींची अट बातम्यांच्या वाहिनीला आहे. केबलवाला किंवा डीटीएचवाला वाहिनीकडून 'कॅरेज' घेतो, म्हणजे वाहिनी घरोघरी पोचवायची फी, त्यालाही ट्राय या सरकारी नियामकाने मर्यादा घातली आहे: 2017 च्या नियमांत साध्या (एचडी नसलेल्या) वाहिनीला दर वर्गणीदारामागे महिन्याला जास्तीत जास्त 20 पैसे. म्हणजे एक लाख घरांमागे महिन्याला 20 हजार रुपये. वाहिनी घेणारी घरं वाढत गेली की हा दर उतरतो, आणि वीस टक्के घरांनी ती घेतली की शून्यावर येतो.

पण उपग्रहावर जायची घाईच कशाला? केबल कंपनी स्वतःच्या जाळ्यात स्वतःची स्थानिक वाहिनी चालवू शकते. गणपती विसर्जन, भजनं, जुने सिनेमे दाखवणारे हे लोकल चॅनल नागपुरात सगळ्यांनी बघितले आहेत. नोव्हेंबर 2022 च्या नियमांनुसार अशा एका वाहिनीची नोंदणी फी आहे एक हजार रुपये. अट अशी, की तो कार्यक्रम दुसऱ्या केबल कंपनीला देता येत नाही. सुरुवातीला एका शहरात जम बसवायला ही अट मला अडचणीची वाटत नाही.

खरा खर्च आहे तो लढती तयार करण्याचा. आठवड्याचे तास 168. त्यातले चार तास नवे, ताजे, चांगले चित्रित केलेले असले तरी पुष्कळ झालं; बाकी पुनःप्रक्षेपण, मुलाखती, तालमी, जुने सामने. पण ते चार तास दर आठवड्याला द्यावेच लागतात, सलग कित्येक महिने. रिंग, कॅमेरे, दिवे, प्रशिक्षक, पैलवानांचं मानधन आणि खुराक. इथे काटकसर केली की प्रेक्षकाला दोन मिनिटांत कळतं.

मेसेजमधलं एक वाक्य मात्र मला मान्य आहे: जाहिरातींवर हे चालणार नाही. देशात टीव्ही असलेली घरं 2020 च्या अंदाजाप्रमाणे 21 कोटींच्या आसपास, आणि बार्क ही संस्था कोणती वाहिनी किती बघितली जाते याचं रेटिंग मोजते ते पन्नासएक हजार घरांच्या नमुन्यावरून. एका विभागापुरती, एका विषयाची वाहिनी त्या जाळीतून गळून पडते. आकडा शून्याजवळ येतो आणि मोठा जाहिरातदार फिरकत नाही. पैसा यायचा तो तिकिटांतून, वर्गणीतून, आणि इतवारीचे व्यापारी, जिमवाले, दूध डेअरीवाले, सावजी भोजनालयवाले अशा स्थानिक प्रायोजकांकडून.

"मातीतली कुस्ती मरेल."

हा आरोप ऐकला की मला दारासिंगांचा काळ आठवून द्यावासा वाटतो. पन्नास-साठच्या दशकांत दारासिंग आणि किंग काँग या पैलवानांच्या व्यावसायिक लढतींना स्टेडियम भरत होती. 1968 मध्ये मुंबईत दारासिंगांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवलं. त्याच दोन दशकांत महाराष्ट्राच्या कुस्तीचं काय चाललं होतं? 1952 मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून ऑलिंपिक पदक आणलं. 1959 मध्ये श्रीपती खंचनाळे पहिले हिंद केसरी झाले, 1960 मध्ये गणपतराव आंदळकर. 1961 पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. एकाने दुसऱ्याला मारलं असतं तर हे दिसलं नसतं.

आखाड्यांना अडचण आहे ती वेगळीच. खुराकाचा खर्च घरावर, पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर तिशीत पैलवानाचा लंगोट खुंटीला. अशा पोराला आणखी दहा वर्षं अंगाच्या बळावर कमावता आलं तर त्यात कुस्तीचं नुकसान कोणतं? 2015 मध्ये दिलीपसिंग राणा म्हणजे आपल्या 'खली'ने जालंधरला अकादमी काढली. तिथे शिकलेली हरियाणाची वेटलिफ्टर कविता देवी 2017 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगमध्ये उतरलेली पहिली भारतीय महिला ठरली. विदर्भातल्या पोरापोरींनी यासाठी जालंधर गाठावं लागतं, ही मला लागणारी गोष्ट आहे.

"हे मुंबई-पुण्याचं काम, नागपूरला झेपणार नाही."

मेसेज लिहिणारा बहुधा नागपूरच्या पूर्वेला कधी गेला नसावा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांचं ठाणं आहे. गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती) किंवा मंडई (गावची जत्रा) भरली की मंडळ कंपनी ठरवतं, मंडप पडतो, आणि लोक तिकीट काढून थंडीत रात्रभर बसतात, पहाटे घरी जातात. अनुदानावर नाही, मुंबईच्या निर्मात्याच्या भरवशावर नाही. खलनायक आला की गाव त्याला शिव्या घालतं, नायकाला टाळ्या देतं. शेवट काय होणार हे पहिल्या अंकातच कळलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी तेच लोक परत येतात.

रेसलिंगला हवं ते सगळं इथे तयार आहे: हंगाम, मैदान, तिकीट काढायची सवय, ओरडणारा प्रेक्षक. दिवाळी ते होळी एका ट्रकमध्ये रिंग घालून सहा जिल्हे फिरायचे, आठवड्याला दोन रात्री चित्रित करायच्या, आणि तेच नागपुरात वाहिनीवर लावायचं. पावसाळ्यात बंदिस्त सभागृहात शहरातले सामने आणि नव्या पोरांचं प्रशिक्षण.

हे कोणी करायला घेतलं तर मी वर्गणी भरीन आणि तिकीटही काढीन, पण एक अट घालीन. खर्चाच्या कागदावर पहिली ओळ पैलवानांच्या विम्याची असली पाहिजे, आणि प्रत्येक रात्री रिंगच्या कडेला डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स उभी पाहिजे, मग खेळ नागपूरला असो की गडचिरोलीच्या टोकाला. त्यासाठी तिकीट दहा रुपयांनी वाढलं तरी चालेल.