‘शुगर आहे? मग डॉलर घ्या!’ : कॅनडातल्या दाव्यात खरं किती?

कॅनडातल्या आपल्या लोकांत एक दावा सर्रास ऐकू येतो: डायबेटिस असला की सरकार अपंगत्व कर सवलतीचे हजारो डॉलर देतं, 2021पासून अर्जही लागत नाही, आणि टक्केवारीवर एजंट सगळं करून देतो.

‘डायबेटिस असला की’. नाही. जीव टिकवणाऱ्या उपचारावर आठवड्याला किमान 14 तास जातात का आणि तो आठवड्यातून किमान दोनदा (2021पूर्वी तीनदा) घ्यावा लागतो का, हे बघतात. टाइप 1 (शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही तो डायबेटिस) असेल तर 2021पासून ही अट पूर्ण झाली असंच धरतात. टाइप 2ला (इन्सुलिन पुरत नाही किंवा नीट काम करत नाही तो) ती सूट नाही. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या काकांनी आशा धरू नये. पण दिवसातून चारदा इन्सुलिन टोचणाऱ्या मावशींनी ‘आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून गप्पही बसू नये, तास मोजावेत. बोटातून रक्त काढून तपासणं, नोंद ठेवणं, इन्सुलिन भरून टोचणं हे सगळं धरतात. इन्सुलिनचा डोस रोज बदलावा लागत असेल तर ताटातल्या वरण-भातात कर्बोदकं किती, हा हिशेबही 2021पासून धरतात. इन्सुलिनचा पंप मात्र दिवसभर कमरेला असला तरी तो चालतो ते तास धरत नाहीत. लावण्या-बदलण्याचा वेळ तेवढा धरतात. औषधाच्या दुकानातली खेपही नाही.

‘अर्ज लागत नाही’. साफ खोटं. टाइप 1वाल्यांनाही टी2201 हा या सवलतीच्या अर्जाचा फॉर्म भरावाच लागतो आणि डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरने तो प्रमाणित करावा लागतो. सूट तासांच्या अटीत आहे, कागदात नाही.

‘हजारो डॉलर’. ही सवलत फक्त कर कमी करते. 2024साठी प्रौढांची केंद्रीय रक्कम 9,872 डॉलर, तिच्या 15 टक्के म्हणजे साधारण 1,480 डॉलरने कर कमी, प्रांताचं वेगळं. कर बसतच नसेल तर स्वतःच्या हाती शून्य, पण नियमात बसत असेल तर सांभाळणाऱ्या नातेवाइकाच्या नावे वळवता येते. हजारोंचा आकडा येतो तो मागच्या वर्षांमुळे, कारण 10 वर्षांपर्यंत मागे जाता येतं. फक्त 2021आधीच्या वर्षांना जुनेच नियम. तिथे टाइप 1वाल्यांनाही 14 तास दाखवावे लागतात.

एजंट. फॉर्म फुकट मिळतो. त्यातला वैद्यकीय भाग एजंटला भरताच येत नाही. तो तुम्हाला तुमच्याच डॉक्टरकडे धाडणार. डॉक्टरने फी घेतलीच, तर ती वैद्यकीय खर्चात दाखवता येते.