‘स्प्रेची सवय लागते’ म्हणे. कुठल्या?

पाऊस गेला, घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ पुन्हा उडायला लागली आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला: ‘नाकात मारायचे स्प्रे सगळे एकच. एकदा धरले की सुटत नाहीत. त्यात स्टिरॉइड असतं, हाडं पोखरतं. त्यापेक्षा रोज नळाच्या पाण्यात मीठ घालून नाकात ओढा.’ खाली सतरा अंगठे.

‘सगळे एकच’ इथेच घोळ आहे. केमिस्टला ‘नाक चोंदलंय’ म्हटलं की जी छोटी बाटली हातात पडते, तिच्यात बहुधा झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. ते फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून काही मिनिटांत नाक मोकळं. ॲलर्जीसाठी डॉक्टर देतात तो फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या स्टिरॉइडचा स्प्रे सूज उतरवतो. पूर्ण गुण यायला कधी दोन आठवडेही लागतात.

सवयीचं म्हणाल तर पहिल्या बाटलीबद्दल ते खरंय, मी भोगलंय. महिनाभर ती उशाशी घेऊन झोपायचो. औषधाचा जोर ओसरला की रक्तवाहिन्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. रात्री दोनला नाक बंद, अंधारात चाचपडत बाटली शोधायची, पहाटे पाचला परत तेच. तीन दिवस, फार तर पाच, एवढीच तिची मुदत. मी बाटलीवरचं वाचलंच नव्हतं. सुटका केली कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी, तीही त्याच बदनाम स्टिरॉइडच्या स्प्रेने! ब्लड प्रेशर किंवा काचबिंदू असेल तर ती पहिली बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरूच नये.

हाडांची भीती स्टिरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनांवरून उचललेली. नाकातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि फ्लुटिकासोन, मोमेटासोन ही दोन्ही औषधं रक्तात दोन टक्क्यांहून कमी उतरतात. लहान मुलांना दीर्घकाळ देताना उंचीवर लक्ष ठेवतात, ती काळजी रास्त. एरवी त्रास होतो तो नाक कोरडं पडण्याचा, घोळणा फुटण्याचा, आणि त्यात बऱ्याचदा आपला नेम चुकलेला असतो. आपण टोक सरळ मधल्या पडद्यावर रोखतो. उजव्या नाकपुडीला डावा हात लावा, डावीला उजवा. मान किंचित खाली, टोक त्याच बाजूच्या कानाकडे झुकलेलं. मारल्यावर फुर्रकन ओढायचं नाही. घशात चव लागली तर औषध नाकाऐवजी पोटात चाललंय.

मिठाचं पाणी चांगलंच. माझा आक्षेप ‘नळाच्या’ या एका शब्दाला. त्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. प्यायलात तर काही होत नाही, नाकातून गेला तर मेंदू गाठतो. आणि आपल्या गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, ते सेक्रेटरींना विचाराच. पाणी खळखळून उकळा, गार करा, मग वापरा.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. सी विंगच्या काकूंनी लगेच बाटलीचा फोटो पाठवला: ‘माझी कुठली रे?’ झायलोमेटाझोलिन. ‘काकू, किती दिवस घेताय?’

‘गणपतीपासून.’