तेवढी कॅसेट करून दे ना

"तुझ्याकडे ते मशीन आहे ना? मग तेवढी ही कॅसेट पेनड्राइव्हवर टाकून दे. पाच मिनिटांचं काम."

हे म्हणणारा माणूस हमखास नात्यातला असतो, त्याच्या हातात कापडी पिशवी असते आणि 'ही कॅसेट' म्हणजे सतरा कॅसेटी असतात. पिशवीला डांबरगोळ्यांचा वास. कॅसेटवरच्या कागदावर आधी 'भजने' लिहिलेलं, ते खोडून 'किशोर', तेही खोडून 'महत्त्वाचे'. आत काय आहे ते देवाला ठाऊक आणि उद्यापासून मला.

पाच मिनिटांचा हिशेब आधी मिटवू. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली तेव्हापासून तिची चाल ठरलेली आहे, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. साठची कॅसेट साठ मिनिटंच वाजते. सतरा कॅसेटी नव्वदच्या असल्या तर नुसतं वाजवायलाच साडेपंचवीस तास लागतात. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "अरे, मग फास्ट फॉरवर्ड करून घे." इथे मी चहा टाकायला उठतो.

पहिलं काम म्हणजे कॅसेट उजेडात धरून खिडकीतून टेप बघायची. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. चार पावसाळे माळ्यावर काढल्याचं ते प्रमाणपत्र. ती कॅसेट वेगळी ठेवायची, कारण तिची बुरशी हेडला, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि हेडवरून पुढच्या सोळा कॅसेटींना प्रसाद मिळतो. बाकीच्या कॅसेटी वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे पळवायच्या. वीस वर्षं न हललेले वेढे एकमेकांना चिकटून बसलेले असतात, ते सुटे होतात. इथे हमखास कोणीतरी पेन्सिल आणून देतं. नटराजची षटकोनी पेन्सिल कॅसेटच्या दात्यांत फिट बसते हे खरं, पण ती ढिली पडलेली टेप ताणून घेण्यापुरतीच. साठच्या कॅसेटमध्ये साधारण ९० मीटर टेप असते, म्हणजे पेन्सिलने जवळजवळ आठशे फेरे. एवढ्या प्रदक्षिणा पिंपळाला घातल्या तर निदान पुण्य लागेल.

मग कॅसेटच्या तोंडात बघायचं. मधोमध तांब्याच्या रंगाची पट्टी असते आणि तिच्यावर मसुराच्या डाळीएवढा फेल्टचा तुकडा. टेपला हेडवर दाबून धरण्याचं काम तो करतो. त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. मग गायक दुलईत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. उपाय म्हणजे एक नको असलेली कॅसेट बळी द्यायची, आणि ती प्रत्येक घरात सापडते. शक्यतो 'मनःशांती संगीत' प्रकारातली घ्यावी, कोणाची मनःशांती ढळत नाही. दोन्ही कॅसेटींचे पाच-पाच स्क्रू काढायचे, पट्टी इकडची तिकडे करायची. मात्र कॅसेट टेबलावर आडवी ठेवूनच उघडायची. उचलून उघडली तर गुंडाळ्या सुटतात आणि कोपऱ्यातला एक रोलर घरंगळत कपाटाखाली जातो. दोन रोलर असतात, जातो एकच, आणि तो नेहमी भिंतीकडच्या बाजूला जातो. काही कॅसेटींना स्क्रूच नसतात, कवच चिकटवलेलं असतं. तिथे सांध्यात ब्लेड घालून तडा द्यायचा आणि टेप दुसऱ्या कवचात हलवायची. हे काम जेवणानंतर करू नये.

आता यंत्र. जुन्या बाजारातून आणलेला डेक 'चालू कंडिशन'मध्ये असतो, म्हणजे त्याचा दिवा लागतो. आत मोटरचा रबरी पट्टा वितळून काळा डिंक झालेला असतो. तो बोटांना लागतो, बोटांचा चष्म्याला लागतो, आणि दोन दिवसांनी फ्रिजच्या दाराच्या मुठीवर सापडतो, तेव्हा घरातल्यांशी बोलावं लागतं. डिंक निघतो तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने, सॅनिटायझरने नाही. सॅनिटायझरमध्ये पाणी आणि ग्लिसरीन असतं. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, नवा पट्टा मागितला की "साइज काय?" असा प्रश्न येतो, म्हणून जाण्याआधी माप घ्यावं. ते जुन्या पट्ट्यावरून घेऊ नये, तो सैल झालेला असतो. सगळ्या पुल्यांभोवती शिवणाचा दोरा फिरवायचा, त्याची लांबी मोजायची आणि त्यातून पाच टक्के वजा करायचे. त्याहून सैल पट्टा घसरतो आणि सनई रडू लागते. फार घट्ट घेतला तर मोटर रडते.

हेडवर कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून फिरवली की काडी तपकिरी होते. तो तपकिरी रंग म्हणजे टेपवरून खरवडून आलेलं कोणाचं तरी गाणं. काडी पांढरी निघेपर्यंत पुसायचं.

हेडच्या बाजूला स्प्रिंग घातलेला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेटबद्दल एकच गोष्ट शिकायची असेल तर हा स्क्रू शिकावा. टेपची रुंदी जेमतेम ३.८१ मिलिमीटर, तीवर दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे, एकेक पट्टा ०.६ मिलिमीटरचा. हेड केसभर तिरकं झालं की सगळे तीक्ष्ण आवाज बोथट होतात. हेडफोन लावायचा, डावा-उजवा आवाज एकत्र करायचा, आणि कॅसेट वाजत असताना स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडे-तिकडे फिरवायचा. परीक्षेला टाळ उत्तम. टाळेचा 'छन्' जिथे सर्वांत लखलखीत ऐकू येईल तिथे थांबायचं. शास्त्रीय संगीत असेल तर तानपुऱ्याची जवारी धरावी. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते, त्यामुळे हे सतराही वेळा करायचं. स्क्रू एकदाचा पक्का बसावा म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब टाकणारे लोक माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांच्याकडे कॅसेट देत नाही.

डेकची वायर लॅपटॉपच्या भोकात घुसवायची हा पुढचा मोह. बहुतेक लॅपटॉपचं ते भोक हेडसेटच्या माइकसाठी असतं. दोन्ही बाजूंचा आवाज तिथे एकच होतो आणि डेकचा जोरकस आवाज आत गेल्यावर फाटतो. लाइन-इन, म्हणजे डेकसारख्या यंत्राचा आवाज थेट घेणारं भोक, असलेला यूएसबी साउंडकार्ड घ्यावा. तो जोडून ऑडॅसिटी हे आवाज भरण्याचं सॉफ्टवेअर उघडलं, लाल बटण दाबलं, लाटा उमटताहेत, सगळं छान चाललं आहे असं वाटतं. पंचेचाळीस मिनिटांनी ऐकायला बसावं तर गाणं लांबून येतंय, आणि त्यावर कुकरच्या तीन शिट्ट्या, पंख्याची घरघर आणि "दूध बघ रे" हे स्वच्छ, जवळून. संगणकाने साउंडकार्ड सोडून स्वतःचा माइक निवडलेला असतो. म्हणून रेकॉर्डिंग सुरू करून, कॅसेट लावण्याआधी, लॅपटॉपच्या कडेवर नखाने टकटक करावी. आवाजाची पट्टी हलली तर चुकीच्या माणसाचं ऐकलं जातंय. घूं असा गुणगुणाट येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, बहुतेकदा तो तिथेच थांबतो. आवाजाची शिखरं उणे सहा डेसिबलच्या आसपास ठेवायची, कारण पुढच्या गाण्यात तबलजी काय करेल हे माहीत नसतं.

घरी भरलेल्या कॅसेटींचं वेगळं दुखणं असतं. भरताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरलेले, त्यामुळे टेप हळू फिरलेली. आता नीट चालीने वाजवली की आजीचा आवाज नातीसारखा येतो. सहा टक्के वेगात पट्टी अर्ध्या स्वराने चढते, म्हणजे काळी एकमध्ये गाणारी व्यक्ती पांढरी दोनमध्ये ऐकू येते. शेजारी पेटी ठेवून खरी पट्टी शोधावी आणि वेग बदलताना उणे ५.६ टक्के घालावेत. सहा चढले म्हणून सहाच उतरवले तर गाणं जरा खाली जातं. भरताना यंत्र विजेवर असेल तर आणखी एक युक्ती आहे. त्या काळच्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण टेपवरही उमटलेली असते. ऑडॅसिटीच्या आलेखात ती ५३वर दिसली तर सहा टक्के फरक झाला. अडचण एवढीच की विजेवर भरलेल्या टेपचा वेग सहसा बरोबरच असतो. बिघडतो तो सेलवर भरलेल्यांचा, आणि त्यांत गुणगुण नसते.

मग येते खरखर काढण्याची फर्माईश. "एकदम क्लिअर पाहिजे." ऑडॅसिटीला निव्वळ खरखरीचा दोन सेकंदांचा नमुना द्यावा लागतो, त्यावरून ती बाकीची खरखर ओळखून कमी करते. किती कमी करायची त्याचा आकडा मी सहा डेसिबलच्या वर नेत नाही. वीसवर नेला की सगळे गायक विहिरीतून गातात. आणि फाइल? साठ मिनिटांची वेव्ह फाइल साधारण ६३५ मेगाबाइटची होते. "ती व्हॉट्सॲपवर टाक ना." नाइलाजाने एमपीथ्री करून देतो, मूळ फाइल मात्र स्वतःकडे दोन जागी ठेवतो, कारण दोन वर्षांनी पेनड्राइव्ह हरवल्याचा फोन येतोच.

नमुन्याच्या त्या दोन सेकंदांसाठी अगदी शांत जागा लागते. घरगुती कॅसेटमध्ये ती एकाच ठिकाणी मिळते, अगदी सुरुवातीला. बटण दाबल्याचा 'खट्', मग कोणीतरी माइकच्या फार जवळ तोंड नेऊन विचारतं, "चालू झालं का?" त्यानंतर सगळे श्वास रोखून बसलेले असतात. तेवढीच खरखर मी निवडतो. प्रश्न मात्र कापत नाही. "ते सुरुवातीचं बोलणं काढून टाक" असं पिशवीवाल्याने सांगितलं असलं तरीही.