चांदीच्या नॅनो कणांनी फ्लोराइड जात नाही

‘माठात चांदीच्या नॅनो कणांचा फिल्टर बसवा, जंतू, फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट सगळं निघून जातं. निसर्गाची नक्कल करणारं तंत्र, त्यामुळे अपाय शून्य. घरीच बॅटरीवर चांदीचं पाणी बनवून रोज दोन मोठे चमचे घ्या, प्रतिकारशक्ती वाढते.’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो, पुराव्याला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटरचा फोटो जोडलेला. यातला जंतूंचा भाग तेवढा खरा आहे, आणि त्यालाही अटी आहेत.

‘जंतू शंभर टक्के मरतात.’ मारतो तो कण नव्हे, कणातून सुटणारा चांदीचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू. पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनने कणाचा पृष्ठभाग हळूहळू झिजतो, आयन सुटतात आणि जिवाणूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटतात. कण नॅनो, म्हणजे अतिबारीक, करायचा तो एवढ्यासाठीच, की तेवढ्याच वजनात जास्त पृष्ठभाग मिळावा. बोअरच्या पाण्यात मात्र क्लोराइड भरपूर असतं, ते सुटलेल्या आयनाला आधीच धरतं. पाणी जड असेल तर चहाच्या भांड्याला बसतो तसा क्षारांचा थर कणांवर बसतो आणि चांदी आतल्या आत कोंडते. नवा असताना चाचणीत पास झालेला फिल्टर पुढे नापास होतो तो यामुळे. शिवाय चांदी सावकाश काम करते. नळाखाली धरलेल्या धारेला तेवढा वेळच मिळत नाही. जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या परजीवींच्या जाड कवचाच्या पुटींवर तर तिचा भरवसा धरू नये. तिथे पाणी उकळा, नाहीतर १ मायक्रॉनहून मोठं काहीच सोडणार नाही असा गाळणीचा थर हवा.

आयआयटी मद्रासमध्ये टी. प्रदीप यांच्या गटाने २०१३ साली जो पदार्थ मांडला, त्याचं मर्म इथेच आहे. ॲल्युमिनियमचा ऑक्सिहायड्रॉक्साइड आणि कोळंबी-खेकड्याच्या कवचातून मिळणारं कायटोसान यांच्या जाळीत चांदीचे कण असे अडकवले, की लिटरला साधारण ०.०४ मिलिग्रॅम एवढीच चांदी सुटत राहावी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, चांदीची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे नुसती चांदी घालून भागत नाही, ती किती सुटते हे बांधून द्यावं लागतं.

एक फसगत चाचणीतही होते. चांदी असलेलं पाणी साध्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवलं, तर वाटेतले काही तास चांदी बाटलीतही जंतू मारत राहते. अहवाल ‘स्वच्छ’ येतो, प्यालेलं पाणी तसं असेलच असं नाही. नमुन्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असायला हवं. ते चांदीला बांधून टाकतं.

‘फ्लोराइड निघतं.’ नाही. क्लोराइडशी चांदीची गाठ पडली की न विरघळणारा पांढरा साका बसतो, पण सिल्व्हर फ्लोराइड पाण्यात सहज विरघळतं. दातांच्या डॉक्टरांकडे किडीवर लावायचं ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड असतं. त्या कुपीत चांदी आणि फ्लोराइड एकत्रच असतात, कुणी कुणाला बाहेर काढत नाही! यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर आहे, तिथे असा फिल्टर विकणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

फ्लोराइडला वेगळे इलाज आहेत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने बसवलेली नालगोंडा पद्धत: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, दहाएक मिनिटं सावकाश ढवळून तासभर निवळू द्यायचं आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. चुना तुरटीच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढा. तुरटी किती, हे फ्लोराइडसोबत पाण्याच्या क्षारतेवरही ठरतं. म्हणून शेजारच्या गावाचं माप आपल्याकडे चालत नाही, आणि अंदाजाने जास्त घातलेली तुरटी ॲल्युमिनियम होऊन पाण्यात उतरते. ॲक्टिव्हेटेड अल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र दाणे, हा दुसरा मार्ग. त्याची पकड पाच-सहा पीएचला सगळ्यात चांगली. आपल्या विहिरींचा पीएच आठच्या आसपास, वर बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे पकड बरीच घटते. फ्लोराइडने भरलेला अल्युमिना आधी कॉस्टिक सोड्याने आणि मग सौम्य आम्लाने धुऊन घ्यावा लागतो. हे धुणं वेळेवर झालं नाही की टाकी नुसती शोभेची.

नायट्रेटबद्दल एवढंच, की सिल्व्हर नायट्रेटही विरघळतं. तिथे आरओ किंवा आयन-विनिमय रेझिन लागतं.

आर्सेनिक खरंच नॅनो पदार्थाने निघतं, पण तो लोखंडाचा. आयआयटी मद्रासच्याच ‘अमृत’ तंत्रात लोखंडाचा ऑक्सिहायड्रॉक्साइड वापरतात. त्यातही मेख आहे: खोल भूजलात आर्सेनिक बऱ्याचदा तीन संयुजेचं, विद्युतभार नसलेलं असतं आणि कमी चिकटतं. त्याचं आधी ऑक्सिडीकरण केलं तर पकड सुधारते. फॉस्फेट आणि सिलिकेट जागा अडवतात ते वेगळंच.

‘निसर्गाची नक्कल, म्हणून अपाय शून्य.’ नक्कल कशाची? पेशीच्या पडद्यातलं ॲक्वापोरिन हे प्रथिन पाण्याचे रेणू एकामागून एक सोडतं आणि प्रोटॉनसुद्धा अडवतं. त्याच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते प्रथिन बसवलेले पडदे आज तयार होतात. पण त्यावरून चांदी बिनधोक कशी ठरते?

‘घरीच बनवा आणि प्या.’ कृती अशी सांगतात: ९ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, शुद्ध चांदीच्या दोन तारा, ग्लासभर पाणी. नळाचं पाणी घेतलं तर क्लोराइडमुळे ते ढगाळतं. ऊर्ध्वपातित पाणी घेतलं तर बहुतेक चांदी आयनरूपातच राहते. चांदीच्या बारीक, सुट्या नॅनो कणांचं पाणी पिवळसर दिसतं. काचेसारखं नितळ असेल तर त्यात कण फारसे नाहीत, करडं असेल तर कणांच्या गुठळ्या झाल्या आहेत. लेझरची रेघ दिसली म्हणजे नॅनो सिद्ध, असंही सांगतात. ती रेघ थेंबभर दूध घातलेल्या पाण्यातही दिसते.

आता हिशोब. लिटरला १० मिलिग्रॅमचं असं पाणी ३० मिलिलिटर घेतलं की पोटात ०.३ मिलिग्रॅम चांदी जाते. अमेरिकी पर्यावरण संस्थेची मर्यादा दर किलो वजनामागे दिवसाला ०.००५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ०.२५. मर्यादा पहिल्याच दिवशी ओलांडली. चांदी कातडीत साठते, उजेडाने काळवंडते आणि रंग कायमचा निळसर-करडा होतो. याला आर्जिरिया म्हणतात. काही प्रतिजैविकं आणि थायरॉइडच्या गोळीतलं थायरॉक्सिन हे नीट शोषलं जाण्यातही ती आडवी येते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने १९९९ मध्येच बिनचिठ्ठीची कोलॉइडल चांदीची (पाण्यात तरंगत्या बारीक कणांची) औषधं सुरक्षित वा परिणामकारक मानता येत नाहीत, असं ठरवलं. वैद्यकात चांदीला जागा आहे ती भाजलेल्या कातडीवर लावायच्या एक टक्का सिल्व्हर सल्फाडायझिन मलमासारखी, म्हणजे बाहेरून.

राहिला तो फोटो. टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं. जंतू त्याला दिसत नाहीत. फ्लोराइड १ वरून ४ मिलिग्रॅमवर गेलं तरी मीटरवरचा ३०० चा आकडा जेमतेम हलेल, आणि तेवढी चूक त्या मीटरची स्वतःचीच असू शकते.