लीडर घडवायचेत? आधी मंत्र्यांची तारीख घ्या

गेल्या रविवारी आमच्या संस्थेची लीडरशिप कॉन्फरन्स झाली. फेसबुकवर फोटो बघितले असतीलच, सगळे कसे हसतायत. आता हे खूळ तुमच्याकडेही येणार, महिला मंडळ असो, क्रेडिट सोसायटी असो नाहीतर देवस्थानची कमिटी, म्हणून म्हटलं अनुभव ताजा आहे तोवर चार सूचना लिहून ठेवाव्या. फुकट आहेत, घ्या.

पहिली गोष्ट जागा. माणसं पेडण्यापासून काणकोणापर्यंत गोव्याच्या बाराही तालुक्यांतून येणार, तर साधा माणूस काय म्हणेल, फोंडा मधे पडतो, तिथलं कला मंदिर बघू, नाहीतर मडगाव, कुडचडे, साखळी, कुठलं तरी रवींद्र भवन बघू. अजिबात नको. तिथे नाटकं आणि तियात्रं होतात, लीडर घडत नाहीत. लीडर समुद्राकाठी घडतो. 1983 साली राष्ट्रकुलाचे बडे बडे नेते दिल्लीची परिषद मधेच ठेवून आग्वादला आराम करायला आले होते, 2016 ला ब्रिक्सवाले बाणावलीला जमले, मग आमच्या गावशाखेच्या सेक्रेटरीनेच काय घोडं मारलंय? कळंगुट साईडचं रिसॉर्ट घ्या. जूनमध्ये रेट पडलेले असतात, त्यामुळे कमिटीला "आम्ही संस्थेचे पैसे वाचवले" असंही म्हणता येतं. तिकडे दूर सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीची बाई तिथवर कशी पोचणार हा तिचा प्रश्न. लीडर आहे ना ती? मग पोचेल.

थीम इंग्रजीत ठेवा. 'एम्पॉवरिंग टुमारोज चेंजमेकर्स' असं काहीतरी. बॅनरवर एवढं लिहिलं की मराठीला जागाच उरत नाही, वाद मिटला.

फोल्डर, पेन आणि नोटपॅड द्या. नोटपॅडच्या प्रत्येक पानावर अध्यक्षांचा फोटो हवा.

आता मुख्य पाहुणे. हे नीट वाचा कारण सगळी कॉन्फरन्स इथेच घडते किंवा बिघडते. तारीख ठरवताना पावसाचं, लावणीचं, मुलांच्या शाळेचं काही बघायचं नाही, फक्त मंत्र्यांची तारीख बघायची. पत्रिकेवर दहा वाजता लिहायचं. लांबून येणाऱ्या बायका खुळ्यासारख्या साडेनऊलाच येऊन बसतात, त्यांना बसू द्यायचं. मग पीएला फोन. "साहेब आंघोळीला गेलेत." अर्ध्या तासाने, "साहेब निघाले." मग, "साहेब पर्वरीत अडकलेत." (हे मात्र खरं असेल, तिथल्या ट्रॅफिकमध्ये कोणीही अडकतो.) तोवर सूत्रसंचालक चारोळ्या म्हणेल. स्वागतगीताच्या मुली सकाळी आठपासून साड्या नेसून उभ्या असतील, त्यातल्या एकीला चक्कर आली तर लिंबू सरबत द्यायचं आणि पुन्हा उभी करायची. समईच्या वाती विझतात म्हणून हॉलचे पंखे बंद ठेवायचे. दीड तास. जूनमध्ये. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, आणि एक मुलगा हातात मेणबत्ती आणि काडेपेटी घेऊन समईशेजारी उभा, कारण साहेब आल्या आल्या पेटली पाहिजे ना!

बारा वाजले हो साहेबांना यायला! मग समई. पाच जणांनी एकेक वात लावायची, फोटोग्राफरचा अँगल चुकला म्हणून लावलेली वात पुन्हा लावायची. मग शाल, श्रीफळ, बुके, मोमेंटो. मग व्यासपीठावरच्या अकरा जणांची नावं प्रत्येक वक्त्याने पहिल्यापासून घ्यायची, एक जरी गाळलं तर वर्षभर अबोला. मग साहेबांचं भाषण, त्यात लीडरशिप सोडून सगळ्या सरकारी योजना. आणि शेवटी, "मला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय, मी तुमची रजा घेतो." साहेब उठले की अर्धी कमिटी त्यांच्या मागे गाडीपर्यंत, सेल्फीला. तिकडे हॉलमध्ये माइक कोणाच्या हातात द्यायचा हे सांगायलाही माणूस नाही. अरे, गोव्याच्या क्रांतिदिनाचा आठवडा म्हणून तुम्हीच भाषणात राममनोहर लोहियांचं नाव घेतलंत ना? 18 जून 1946 ला तो माणूस मडगावात भर पावसात सभेला उभा राहिला, पोर्तुगीजांची परवानगी नसताना, आणि पोलिसांनी त्याला पकडून नेलं. ना समई, ना मोमेंटो. तुमची कमिटी तेव्हा असती तर त्यालाही सांगितलं असतं, थांबा हं डॉक्टर, प्रमुख पाहुणे पर्वरीत अडकलेत.

असो. सूचना चालू ठेवते.

जेवणात पनीर. मासेमारी बंद आहे म्हणून फिश नाही, असं केटरर सांगेल. मान डोलवायची आणि दोन प्रकारचं पनीर खायचं.

मोटिव्हेशनल स्पीकर बाहेरूनच आणा, विमानाने. मोपा विमानतळावर उतरला पाहिजे, म्हापशाहून बसने आला तर त्याचं कोण ऐकणार? तो आधी सगळ्यांना उभं करेल, टाळ्या वाजवायला लावेल, शेजारणीला "यू आर अ लीडर" म्हणायला लावेल. मग गरुडाची गोष्ट सांगेल. गरूड म्हणे चाळीस वर्षांचा झाला की डोंगरावर जातो, खडकावर आपटून आपटून स्वतःची चोच पाडतो, नवी चोच फुटते आणि मग आणखी तीस वर्षं जगतो. बाबा रे, असा गरूड जगात कुठे नाही. चोच पाडून बसला तर उपाशी मरेल तो. हे हॉलमधल्या निम्म्या बायकांना कळलं होतं, घरात कोंबड्या पाळतात त्या. पण फी दिलेली, त्यामुळे टाळ्या. त्याचा विषय होता 'मेंबर एंगेजमेंट', म्हणजे गटातल्या बायका मीटिंगला का येत नाहीत. त्याला कसं ठाऊक असणार? एका तरी गटाच्या मीटिंगला बसलाय का तो कधी?

आणि शेवटची सूचना, पत्रिकेत 'शाखांचे अनुभव – खुली चर्चा' हे नक्की छापा. साडेतीन ते सव्वाचार. छापायचंच फक्त.

कारण माझ्या शेजारी नेत्रावळीची एक ताई बसली होती. रविवारी बस कमी, म्हणून काळोखात निघालेली. सांगे, कुडचडे, मडगाव, तिथून शटल बसने पणजी आणि पुढे कळंगुटची बस. पिशवीत शाळेची लाँगबुक. त्यात बॉलपेनने दोन पानं लिहून आणलेली, वर शीर्षक, खाली दुहेरी रेघ: 'आमच्या गटातील महिला मीटिंगला का येत नव्हत्या व आता का येतात'. तो स्पीकर तासभर ज्या विषयावर बोलला तोच विषय, आणि हिच्याकडे उत्तर लिहून तयार. दर अर्ध्या तासाने मला विचारायची, "म्हजो नंबर केन्ना येतलो गो बाय?" मी दोनदा स्टेजजवळ जाऊन सांगितलं. "हो हो, मॅडम, घेतो." साडेतीनला चर्चा नाही, गरूड. सव्वाचारला चर्चा नाही, चहा. साडेचारला ती उठली, वही पिशवीत घातली आणि गेली, कारण शेवटची बस चुकली तर रात्र काढायची कुठे, तुमच्या रिसॉर्टमध्ये? तिथल्या खोल्या स्पीकरला आणि कमिटीला होत्या. चर्चा पाच वाजता झाली, दहा मिनिटं. पणजीचे दोघे बोलले, दोघेही कमिटीतलेच, आणि दोघांनीही कमिटीचे आभार मानले.

लाज वाटत नाही तुम्हाला? खरंच विचारतेय. बारा तालुक्यांतली काम करणारी माणसं तुम्ही एका हॉलमध्ये गोळा केलीत आणि दिवसभर त्यांना टाळ्या वाजवायला बसवलंत. मंत्र्यांना दोन तास थांबलात ना, मग तिला दहा मिनिटं द्यायला काय झालं होतं? तुमच्यापैकी एकालाही सकाळी उठून म्हणता आलं नाही की साहेब येतील तेव्हा येतील, आपण सुरू करूया? मंत्री काय हाकलून देणार होता तुम्हाला? आणि वर संध्याकाळी ग्रुपवर गुगल फॉर्म, "प्लीज सगळ्यांनी फाइव्ह स्टार द्या हं, रिपोर्टला लागतात." कसला रिपोर्ट? त्यात लिहाल का स्पीकरला किती दिले आणि नेत्रावळीच्या बाईला बसभाडं तरी दिलं का? नाही दिलं. मी विचारलं तिला.

पुढच्या वर्षीची कमिटी आत्तापासून बसतेय म्हणे, कळंगुट की बाणावली यावर वाद चालू आहे. ते नंतर करा. आधी त्या ताईला फोन लावा आणि तिनं काय लिहून आणलं होतं ते विचारा. नंबर तुमच्याकडे आहे, रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये तुम्हीच भरून घेतलाय.